मोटारगाडीचे शक्तिमापन

मोटारगाडीचे शक्तिमापन : मोटारगाडीचे एंजिन ठराविक वेळात किती कार्य करू शकते, हे मोजून ते अश्वशक्ती अथवा किलोवॉट या एककांत सांगण्याच्या क्रियेस मोटारगाडीचे शक्तिमापन म्हणतात. सर्वसाधारण गाडीच्या बाबतीत हा आकडा उत्पादकाच्या माहितीपत्रकात दिलेला असतो व मालकाला तो पडताळून पाहण्याची गरज सहसा पडत नाही. वेगवान क्रीडा मोटारगाड्यांची (स्पोर्ट्‌स कार) गोष्ट निराळी आहे. अशा गाड्यांचे मालक मूळ एंजिनात टर्बोचार्जर, मोठी इंधन अंतःक्षेपके, निराळा कॅमदंड, रुंद निष्कास नळ्या इ. बसवून शक्ती वाढवितात. फेरबदलानंतरची शक्ती कोणत्याही पत्रकात नसते. ती मोजूनच काढावी लागते. मात्र एकच गाडी दोन ठिकाणी मोजल्यास दोन भिन्न आकडे मिळतात आणि दोन्ही आकडे प्रामाणिकपणे काढलेले असू शकतात. शक्ती गाडीच्या कोणत्या भागापाशी मोजली, कोणत्या प्रकारच्या यंत्रावर मोजली आणि त्या दिवसाच्या हवामानासाठी आकड्यात कोणती सुधारणा केली, या तीन गोष्टी सांगितल्याखेरीज अश्वशक्तीच्या आकड्याला तुलनेच्या दृष्टीने अर्थ राहत नाही.

एकके : अश्वशक्ती हे एकक जेम्स वॉट यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेच्या एंजिनाची तुलना गिरणीच्या घोड्यांशी करण्यासाठी रूढ केले. मिनिटास ३३,००० फूट-पौंड कार्य म्हणजे एक अश्वशक्ती. हिचे मूल्य ७४५·७ वॉट भरते. यूरोप खंडात व जपानात वापरली जाणारी मेट्रिक अश्वशक्ती सेकंदास ७५ किग्रॅ.-मीटर, म्हणजे ७३५·५ वॉट इतकी असते. दोहोंतील फरक दीड टक्क्याहूनही कमी असल्याने तो बहुधा दुर्लक्षिला जातो. तथापि मोठ्या आकड्यांत तो दिसू लागतो. ३०० किलोवॉटचे एंजिन ब्रिटिश अश्वशक्तीत सु. ४०२, तर मेट्रिक अश्वशक्तीत सु. ४०८ भरते. फेरबदलाने ‘सहा अश्वशक्ती वाढली’ असे म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात केवळ एकक बदललेले असण्याचा संभव असतो.

शक्ती ही प्रत्यक्ष मोजली जात नाही, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. मोजले जाते ते दंडाला पीळ देणारे परिबल (टॉर्क) व दंडाच्या फेऱ्यांची संख्या. या दोहोंच्या गुणाकारावरून शक्ती काढतात.

शक्ती (किलोवॉट) = परिबल (न्यूटन-मीटर) × दर मिनिटास फेरे ÷ ९,५४९

४०० न्यूटन-मीटर परिबल दर मिनिटास ३,००० फेऱ्यांना मिळाले, तर शक्ती सु. १२६ किलोवॉट होते. तेच परिबल ६,००० फेऱ्यांपर्यंत टिकविता आले, तर ती दुप्पट होते. वेगवान गाड्यांची एंजिने अधिक फेऱ्यांना नीट श्वास घेतील अशी बनविण्यामागे हेच कारण आहे.

स्थूल व निव्वळ शक्ती : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७१ पर्यंत शक्तीचे आकडे बहुधा ‘स्थूल’ पद्धतीने दिले जात. एंजिन गाडीतून वेगळे काढून परीक्षणमंचावर बसवीत आणि पंखा, हवागाळणी, विद्युत् जनित्र, नेहमीची निष्कास यंत्रणा यांवाचून ते चालवीत. प्रज्वलनाची वेळही जास्तीत जास्त शक्ती मिळेल अशी लावली जाई. १९७२ पासून ही सर्व उपसाधने गाडीत असतात तशी जोडून मोजलेली ‘निव्वळ’ शक्ती देण्याची पद्धत सुरू झाली. शेव्हरोले कॉर्व्हेट या गाडीच्या एलटी-१ एंजिनाचे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. १९७० मध्ये ते ३७० अश्वशक्तीचे म्हणून विकले जात होते. १९७१ मध्ये संपीडन गुणोत्तर ११ वरून ९ वर आणल्यामुळे आकडा ३३० झाला. १९७२ मध्ये एंजिनाच्या मुख्य रचनेत फारसा फरक नसताही तो २५५ वर आला. पहिली घट एंजिनातील होती, तर दुसरी मुख्यतः मोजण्याच्या रीतीतील. तरीही या काळात सर्व अमेरिकी गाड्या एकाएकी दुबळ्या झाल्या अशी समजूत अद्याप आढळते, व त्या वेळच्या गाडीत फेरबदल करणारे पुष्कळदा नव्या निव्वळ आकड्याची जुन्या स्थूल आकड्याशी तुलना करून निष्कारण खट्टू होतात.

निव्वळ पद्धतीतही उत्पादकाला काही मोकळीक उरत असे. ती कमी करण्यासाठी अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनियर्स (एसएई) या संस्थेने २००५ मध्ये तटस्थ साक्षीदारासमोर परीक्षण करण्याची प्रमाणन पद्धत लागू केली. तीनुसार प्रमाणित झालेले पहिले एंजिन कॉर्व्हेट झी०६ या गाडीचे होते. त्याची जाहीर शक्ती ५०० वरून ५०५ अश्वशक्ती झाली. काही इतर गाड्यांचे आकडे मात्र या पद्धतीने खाली आले.

शक्तिमापक : शक्ती मोजण्याच्या यंत्रास शक्तिमापक (डायनामोमीटर) म्हणतात. फ्रेंच अभियंते गास्पार द प्रॉनी यांनी १८२१ मध्ये फिरत्या दंडावर लाकडी ठोकळे आवळून घर्षणाने त्यास रोधणारे व तरफेच्या टोकावरील वजनाने परिबल दाखविणारे साधे शक्तिमापक तयार केले. ब्रिटिश अभियंते विल्यम फ्रूड यांनी १८७७ मध्ये घर्षणाऐवजी पाण्याचा रोध वापरला. आधुनिक परीक्षणमंचावर पाणी, विद्युत् चलित्र किंवा आवर्त प्रवाह (चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या धातूच्या चकतीत भोवऱ्याप्रमाणे निर्माण होणारे विद्युत् प्रवाह) यांचा रोध वापरून एंजिन ठराविक फेऱ्यांवर स्थिर ठेवतात व परिबल वाचतात. भुजादंडापाशी केलेले हे मापन सर्वांत विश्वसनीय होय.

परंतु फेरबदल केलेल्या गाडीचे एंजिन प्रत्येक वेळी बाहेर काढणे खर्चाचे असते. म्हणून गाडीच रुळांवर उभी करून तिच्या चाकांपाशी शक्ती मोजण्याची यंत्रे कर्मशाळांत वापरतात. यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. निरूढी प्रकारात चाकांखाली एक अवजड ढोल असतो. गाडीने तो किती त्वरेने फिरविला यावरून शक्ती काढतात. उदा., ढोलाचे परिणामी वस्तुमान १,२०० किग्रॅ. असून गाडीने त्याच्या पृष्ठभागाचा वेग ताशी १०० किमी. वरून ११० किमी. वर अर्ध्या सेकंदात नेला, तर ढोलाच्या गतिज ऊर्जेत सु. ९७,००० जूल भर पडते. म्हणजे चाकांपाशी सु. १९५ किलोवॉट किंवा २६० अश्वशक्ती मिळाली. दुसऱ्या प्रकारात रुळांना आवर्त प्रवाहाचा रोध लावलेला असतो व परिबल भारमापकाने मोजले जाते.

निरूढी प्रकारात भाग थोडे व मोडण्याजोगे काही नाही, म्हणून एकाच यंत्रावर लागोपाठ केलेल्या मापनांत फारसा फरक पडत नाही. मात्र या पद्धतीत एक गफलत दडलेली असते. एंजिनाची काही शक्ती ढोलाप्रमाणेच गाडीच्या स्वतःच्या चाकांना, दंडांना व प्रचक्राला (फ्लायव्हील) प्रवेग देण्यात खर्च होते आणि ती ढोलापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे केवळ हलकी चाके व हलके प्रचक्र बसविले, तरी यंत्र वाढीव अश्वशक्ती दाखविते. गाडीला त्याचा रस्त्यावर प्रवेग घेताना खरोखर उपयोग होतो, पण एंजिनाच्या शक्तीत काडीचाही फरक पडलेला नसतो. उलट टर्बोचार्जर लावलेल्या एंजिनावर हलक्या ढोलाचा भार अपुरा पडतो. टर्बोचार्जरने पुरता वेग घेण्यापूर्वीच फेऱ्यांची मर्यादा गाठली जाते व आकडा कमी येतो. चाकांतील हवेचा दाब, गाडी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा ताण, कोणत्या गिअरमध्ये मापन केले, समोरच्या पंख्याचा झोत पुरेसा होता की नाही, याही गोष्टींचा परिणाम होतो. धावत्या गाडीला मिळणारा वारा कर्मशाळेतील पंखा क्वचितच देऊ शकतो. म्हणून लागोपाठच्या तिसऱ्या-चौथ्या मापनात अंतर्ग्रहण हवा तापून शक्ती घटलेली आढळते.

शक्तिप्रेषणातील व्यय : भुजादंडाची शक्ती गिअरपेटी, डिफरेन्शियल, आसाचे दंड व टायर यांतून जाताना काही अंशी उष्णतेत रूपांतरित होते. म्हणून चाकांपाशी मिळणारा आकडा उत्पादकाच्या आकड्याहून नेहमी कमी असतो. हा व्यय १५ टक्के धरून चाकांच्या आकड्यावरून एंजिनाची शक्ती काढण्याची रीत कर्मशाळांतून सर्वत्र रुळली आहे. मूळ स्थितीतील, मागील चाके चालविणाऱ्या गाडीच्या बाबतीत तिने येणारे उत्तर पुष्कळदा वास्तवाच्या जवळपास असते. फेरबदल केलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र ती फसवी ठरते.

समजा, ३०० अश्वशक्तीची गाडी चाकांपाशी २५५ अश्वशक्ती देते. व्यय ४५ अश्वशक्ती झाला. टर्बोचार्जर बसविल्यावर तीच गाडी चाकांपाशी ५१० देऊ लागली, तर १५ टक्क्यांच्या नियमाने एंजिनाची शक्ती ६०० व व्यय ९० अश्वशक्ती ठरतो. गिअरपेटी तीच, तेल तेच, आस तेच व फेरेही तितकेच असताना व्यय दुप्पट का व्हावा? दंतचक्रांच्या दात्यांवरील घर्षण त्यांवरील भाराबरोबर वाढते हे खरे. तथापि तेल घुसळण्यात, धारव्यांत (बेअरिंग) व तेलरोधक कड्यांत जाणारी शक्ती मुख्यतः फेऱ्यांवर अवलंबून असते, एंजिनाच्या जोरावर नव्हे. तेव्हा खरा व्यय ४५ व ९० यांच्या दरम्यान कोठेतरी असणार. तो नेमका किती, हे गाडीच्या मूळ चाचणीवरून सांगता येत नाही. ९० अश्वशक्ती म्हणजे ६७ किलोवॉट उष्णता होय. एवढी उष्णता गिअरपेटीत व आसात सातत्याने निर्माण झाली, तर तेल फार काळ टिकणार नाही, एवढा विचार केला तरी या नियमाची मर्यादा ध्यानात येते. काही यंत्रांवर मापनानंतर क्लच दाबून रूळ आपोआप मंदावू देतात व त्या मंदनावरून व्यय काढतात. ही रीत अधिक सयुक्तिक आहे. परंतु त्या वेळी दात्यांवर एंजिनाचा भार नसल्याने तिच्यातही व्ययाचा एक भाग निसटतो. म्हणून जाणकार चाकांपाशी मोजलेला आकडा ‘चाकांपाशी’ असे स्पष्ट लिहून तसाच ठेवतात.

हवामानासाठी सुधारणा : एंजिनाची शक्ती त्याने आत घेतलेल्या ऑक्सिजनावर अवलंबून असते. हवा तापली, दमट झाली किंवा तिचा दाब उतरला की शक्ती घटते. पुणे समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर असल्याने तेथील हवेचा दाब मुंबईच्या मानाने सु. ६ टक्क्यांनी कमी असतो व टर्बोचार्जर नसलेले एंजिन जवळजवळ त्याच प्रमाणात दुबळे होते. दोन ठिकाणची मापने तुलनायोग्य व्हावीत म्हणून मोजलेल्या आकड्याला सुधारणा गुणकाने गुणून तो प्रमाण हवामानास लागू करतात. अडचण अशी की, प्रमाण हवामानही एक नाही. एसएई संस्थेच्या जे१३४९ या मानकात तापमान २५° से. व कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल धरतात. तिच्याच जुन्या जे६०७ मानकात तापमान सु. १५·५° से. व दाब समुद्रसपाटीचा धरलेला होता. थंड व दाट हवा गृहीत धरल्याने जुन्या मानकाचा आकडा सु. ४ टक्क्यांनी मोठा येतो. तो अनेक कर्मशाळांत आजही वापरात आहे. याचे कारण शास्त्रीय नसून ग्राहकास मोठा आकडा आवडतो, हे असावे.

टर्बोचार्जरच्या गाडीत सुधारणेचा दुरुपयोग अधिक होतो. अशा एंजिनात अंतर्ग्रहण दाब नियंत्रकाने राखलेला असतो. बाहेरील हवा विरळ झाली तर टर्बोचार्जर अधिक वेगाने फिरून तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. अमेरिकेतील डेन्व्हर शहर १,६०० मी. उंचीवर आहे, तेथे साध्या एंजिनासाठीचा सुधारणा गुणक १·२ पेक्षा अधिक येतो. टर्बोचार्जरच्या एंजिनाला तोच गुणक लावल्यास, जी शक्ती मुळात घटलीच नव्हती ती कागदावर पाचव्या हिश्शाहून जास्त वाढते. आंतरराष्ट्रीय मानकात (आयएसओ १५८५) सुधारणा गुणक ०·९३ ते १·०७ या मर्यादेत असावा असे म्हटले आहे, ते अशा कारणांमुळेच.

फेरबदल केलेल्या गाड्यांची तुलना : फेरबदलाने शक्ती किती वाढली हे सांगताना मूळ आकडा खरा आहे असे गृहीत धरले जाते. जपानी उत्पादकांनी सु. १९८९ ते २००४ या काळात आपसांतील समजुतीने कोणत्याही गाडीची शक्ती २८० मेट्रिक अश्वशक्तीहून अधिक जाहीर केली नाही. निसान स्कायलाइन जीटी-आर व टोयोटा सुप्रा यांसारख्या गाड्या कागदावर या मर्यादेत होत्या, पण स्कायलाइनची खरी शक्ती जाहीर आकड्याहून बरीच अधिक असल्याचे मापनांत दिसून येई. अशा गाडीत फेरबदल करून मोजलेल्या शक्तीतून २८० वजा केले, तर कारखान्याने आधीच दिलेल्या शक्तीचे श्रेय फेरबदल करणाऱ्याच्या पदरात पडते. २००४ मध्ये ३०० मेट्रिक अश्वशक्तीची होंडा लेजेंड बाजारात आल्यावर ही समजूत संपली.

उलट प्रकारही घडला आहे. १९९९ च्या फोर्ड मस्टँग कोब्रा गाडीची शक्ती ३२० अश्वशक्ती म्हणून जाहीर झाली होती. मालकांनी गाड्या रुळांवर मोजल्या, तेव्हा त्या आधीच्या वर्षीच्या ३०५ अश्वशक्तीच्या गाडीहून बलवान नसल्याचे आढळले. कंपनीने ऑगस्ट १९९९ मध्ये विक्री थांबविली, विकलेल्या गाड्या परत बोलावून अंतर्ग्रहण व निष्कास यंत्रणेचे भाग बदलून दिले. येथे मालकांची बाजू टिकली याचे कारण त्यांनी एंजिनाच्या शक्तीचा अंदाज बांधला नाही, तर नवी व जुनी गाडी सारख्याच पद्धतीने मोजून पाहिली. पुढे माझदा कंपनीनेही अमेरिकेतील आपल्या आरएक्स-८ गाडीचा आकडा २४७ वरून २३८ अश्वशक्तीवर आणला व नाराज ग्राहकांची गाडी परत घेण्याची तयारी दर्शविली.

तेच यंत्र, तोच गिअर, तेच टायर व शक्यतो तोच दिवस राखून फेरबदलापूर्वी व नंतर घेतलेल्या मापनांतील फरक हा म्हणूनच सर्वांत भरवशाचा पुरावा होय. यंत्र मुळात ५ टक्के जास्त दाखवीत असले, तरी दोन्ही वेळा तितकेच जास्त दाखवील. प्रत्येक स्थितीत किमान तीन मापने घ्यावी लागतात. लागोपाठच्या मापनांतच दोन टक्के चढउतार होत असेल, तर ४०० अश्वशक्तीच्या गाडीत नव्या हवागाळणीने पाच अश्वशक्ती वाढल्याचा दावा सिद्धही होत नाही व खोटाही ठरत नाही.

केवळ कमाल आकड्याची तुलनाही पुरेशी नसते. मोठा टर्बोचार्जर ७,००० फेऱ्यांना १०० अश्वशक्ती वाढवून देतो, पण ४,००० फेऱ्यांच्या खाली पूर्वीपेक्षा कमी शक्ती देऊ शकतो. शक्ती व फेरे यांचा पूर्ण आलेख पाहिल्याशिवाय अशी गाडी वळणाच्या रस्त्यावर कशी चालेल हे कळत नाही. त्यातच आलेखाच्या रेषेला गुळगुळीतपणा देण्याची सोय यंत्राच्या संगणकात असते. ती वापरली असता प्रज्वलनातील अडखळणे किंवा इंधन अकाली पेटून बसणारे ठोके यांच्या खुणा पुसल्या जातात, आणि एंजिनाच्या दृष्टीने त्याच खुणा महत्त्वाच्या असतात. परीक्षणाच्या दहा-पंधरा सेकंदांत टिकलेले दट्टे शर्यतपथावर दहा मिनिटांच्या उष्णतेत वितळू शकतात. नायट्रस ऑक्साइड वायूच्या साहाय्याने मिळविलेली शक्ती तर टाकीतील वायू संपेपर्यंतच असते. क्लच, गिअरपेटी व ब्रेक यांची निवड शक्तीच्या आकड्यावरून होत असल्याने फुगविलेला आकडा खर्चाला, तर कमी दाखविलेला आकडा अपघाताला कारण होतो.

धावपट्टीवरील पडताळा : शक्तिमापक नसताही गाडीचे वस्तुमान व स्थिर अवस्थेतून पाव मैल (४०२ मी.) धावल्यानंतरचा तिचा वेग यांवरून शक्तीचा अंदाज करता येतो. अमेरिकेतील शर्यतींत प्रचलित असलेल्या अनुभवाधिष्ठित सूत्राचे मेट्रिक रूप साधारणपणे असे होते :

शक्ती (अश्वशक्ती) = वस्तुमान (किग्रॅ.) × (अंतिम वेग, किमी./तास ÷ २८९)³

चालकासह १,५०० किग्रॅ. भरणारी गाडी ताशी १९० किमी. वेगाने अंतिम रेषा ओलांडत असेल, तर तिच्या एंजिनाची शक्ती सु. ४२५ अश्वशक्ती असावी. अंतर कापण्यास लागलेला वेळ सुरुवातीला चाके घसरली की बिघडतो. अंतिम वेगावर त्याचा परिणाम पुष्कळच कमी होतो, म्हणून अंदाजासाठी वेळ न घेता वेग घेतात. सूत्रात वेगाचा घन असल्याने वेगातील एक टक्का चुकीमुळे शक्तीत तीन टक्के चूक होते, आणि पाठीमागून वारा असल्यास उत्तर फुगते. तरीही रुळांवर ६०० अश्वशक्ती दाखविणारी गाडी धावपट्टीवर ४५० अश्वशक्तीच्या गाडीसारखी धावत असेल, तर शंका रुळांच्या आकड्याविषयी घ्यावी लागते.

भारतात नव्या वाहनांच्या प्रकार-मान्यतेसाठीची परीक्षणे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या (स्थापना १९६६) मान्यताप्राप्त संस्थांत होतात. नोंदणीनंतर गाडीचा तपशील नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाने मनाई आहे. यामुळे जादा शक्तीच्या गाड्या सार्वजनिक रस्त्यावर कायदेशीरपणे फारशा येऊ शकत नाहीत व त्यांचे मापन मुख्यतः शर्यतींच्या क्षेत्रापुरते राहते.

विजेवरील गाड्यांनी जुनाच प्रश्न नव्या रूपात पुढे आणला आहे. टेस्ला कंपनीने २०१४ मध्ये आपल्या पी८५डी गाडीच्या दोन चलित्रांची एकत्रित शक्ती ६९१ अश्वशक्ती असल्याचे सांगितले. हा दोन चलित्रांच्या स्वतंत्र क्षमतांचा बेरजेचा आकडा होता. विद्युत् घटमालेला एकाच वेळी दोघांना इतकी वीज पुरविता येत नसे. कंपनीने नंतर दिलेला घटमालेच्या मर्यादेतील आकडा ४६३ अश्वशक्ती होता. नॉर्वेतील मालकांनी यावरून केलेली तक्रार २०१६ मध्ये तडजोडीने मिटली.